पाटीवरची मराठी आणि कानातली मराठी

सीमाभागात मराठीचा विषय निघाला की बोलणे ठरावीक वळणानेच जाते. दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, सरकारी परिपत्रके, मराठी शाळांतील घटती पटसंख्या आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्यासाठी लढणाऱ्यांनी आयुष्ये वेचली आहेत. मात्र एक साधा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आपल्या घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कानात इअरफोन घालून दिवसभर काय ऐकतो आणि कोणत्या भाषेत ऐकतो?

उत्तर घरोघरी तेच मिळेल. तो रॅप ऐकतो. पंजाबी ऐकतो, हिंदी ऐकतो, चंदन शेट्टी आणि ऑल ओके यांचे कन्नड ऐकतो, अमेरिकन इंग्रजी ऐकतो. आणि गेल्या दहाएक वर्षांपासून मराठीही ऐकतो. वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटतो. प्रस्तुत लेखक या गोंगाटाचा जुना शौकीन आहे आणि त्याचे मत असे की, मराठी बोलींचा आज सर्वांत मोठा गिऱ्हाईक कोणी असेल तर तो हा रॅपवाला आहे. त्याला ग्रंथातली मराठी नको आहे. तुमच्या-माझ्या परड्यातली, एसटी स्टँडवरची, वीटभट्टीवरची मराठी हवी आहे.

परका प्रकार, ओळखीचा बाज

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमैकन तरुणाने एका इमारतीच्या सभागृहात तबकड्या वाजवल्या, तो दिवस या संगीताचा वाढदिवस मानला जातो. गरीब वस्तीतल्या काळ्या आणि लॅटिन मुलांकडे महाग वाद्ये नव्हती. जुन्या तबकड्यांतला तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर शब्द बोलायचे, एवढेच भांडवल. गळा गोड असण्याची अट नाही. अट आहे ती श्वासाची, लयीची आणि सांगण्यासारखे काही असण्याची.

हे वाचून आपल्याला डफ आणि तुणतुणे आठवले नाही तर नवल! पोवाडाही असाच अर्धा गायचा, अर्धा बोलायचा. कलगी-तुऱ्यात दोन फड समोरासमोर बसत, एकाने कवनातून कोडे घालायचे आणि दुसऱ्याने कवनातूनच ते सोडवायचे. आजची रॅपची जुगलबंदी याहून फार वेगळी नाही. सीमावासीयांना तर हे वेगळे सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड रचली, तेव्हा बेळगाव-कारवार मागे राहिल्याचे दुःख त्यांनी कोणत्याही ठरावापेक्षा खोलवर पोचवले. ती छक्कड साहित्य परिषदेच्या भाषेत नव्हती, कामगाराच्या तोंडच्या भाषेत होती. म्हणून ती टिकली.

‘पण प्रकार परका आहे’ असा आक्षेप येतो. त्याला बेळगाव जिल्ह्यातच उत्तर आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली गुर्लहोसूर येथे जन्मले. १८८० साली त्यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातल्या चालींत कर्नाटकी चालीही होत्या. त्याच परंपरेला आज आपण मराठी संस्कृतीचे भूषण म्हणतो. बाहेरून आलेली वस्तू आपल्या चुलीवर शिजवली की ती आपलीच होते.

गल्लीतून आलेले

आपल्याकडे या प्रकाराला खरी चालना मिळाली ती २०१५ साली डिव्हाईन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ या गाण्याने. पुढे २०१९ साली झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ने ते सर्वदूर पोचवले. या गाण्याच्या नावाकडेच पाहा. हिंदी व्याकरणाप्रमाणे ‘मेरी गली’ हवे. कोणत्याही मास्तरांनी या शीर्षकाला लाल रेघ मारली असती. पण मुंबईच्या गल्लीत असेच बोलतात आणि तिथली मुले त्याची लाज न बाळगता तसेच गायली. माझ्या मते या चळवळीचा सगळा जोर त्या एका ‘चुकी’त आहे.

पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचा एमसी स्टॅन हा या रांगेतला सर्वांत गाजलेला. २०२० सालच्या त्याच्या गीतसंग्रहाचे नाव ‘तडीपार’. हा शब्द कोणत्या चौकीच्या फळ्यावरून आला हे मराठी माणसाला कळते. २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’ जिंकला आणि घराघरांत गेला. त्याची हिंदी पुण्याच्या वस्तीतली आहे, तिच्यात मराठी पाण्यातल्या मिठासारखी विरघळली आहे. कलाकार म्हणून तो अस्सल आहे, यात वाद नाही. मात्र यंत्राने आवाज वळवण्याचा त्याला फार सोस आहे आणि शिव्यांचा, बढाईचा भरणाही अति झाला आहे. त्याची नक्कल करणारे गावोगाव निघाले; त्यांनी त्याचे दागिने घेतले, त्याची वस्ती घ्यायची राहिली.

याउलट मुंबईचा ‘स्वदेशी’ हा चमू ऐकावा. त्यात मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत बोलणारी मुले एकत्र आली. २०१९ मधील त्यांच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या मराठी गाण्यात आरे जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि जमीन-जंगलाचा हक्क हा विषय आहे. ताल आजचा, दुःख शंभर वर्षांचे. याच चमूतला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. एकाच मंचावर ज्याने त्याने आपापली भाषा बोलावी आणि कोणाचेही कोणावाचून अडू नये, हे चित्र आपल्या भागाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचे नाव तर आवर्जून घ्यावे लागेल. आपले नाव तो शंभराचा आकडा आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरे असे लिहितो. शंभर म्हणजे ‘सौ’, म्हणून वाचायचे सौरभ. त्याच्या मराठीला वऱ्हाडची धार आहे. पुणेरी उच्चाराची उसनवारी त्याने केली नाही. माझ्या आवडीच्या यादीत तो वरच्या जागी आहे, कारण त्याच्या ओळी कागदावर वाचल्या तरी उभ्या राहतात.

रॅपची धास्ती सत्तेलाही वाटते. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या रॅपबद्दल राज मुंगसे या तरुणावर गुन्हा दाखल झाला. त्याचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. एका मराठी गाण्याची दखल पोलीस ठाण्याला घ्यावी लागली, म्हणजे शाहिरी अजून मेलेली नाही.

कंपनीवाचून गाणे

दुसरा वर्ग आहे तो स्वतंत्र कलाकारांचा. मोठ्या कंपनीची किंवा सिनेमाची वाट न बघता घरच्या संगणकावर गाणे बांधायचे आणि थेट लोकांपुढे ठेवायचे, अशी यांची रीत. जळगाव जिल्ह्यातील बंजारा समाजातून आलेला संजू राठोड याचे ‘गुलाबी साडी’ २०२४ साली लग्नाच्या मांडवापासून थेट परदेशापर्यंत वाजले. चाल पक्की, ठेका जिभेवर राहणारा. शब्द मात्र बेताचेच आहेत. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या नामांकित संस्थेने प्रकाशित केले. ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही तेही त्यावर नाचले. गोऱ्या रंगाचे गोडवे गाणाऱ्या देशात तांबूस कातडीचा तोरा मिरवणे, हीही एक छोटी बंडखोरीच म्हणायची.

या दोन गाण्यांनी एक समज कायमचा मोडला. ‘मराठीत गायलास तर कोण ऐकणार, हिंदीत लिही’ असे आपल्या मुलांना सांगणारे आता कोणता दाखला देणार? केरळचा हनुमानकाइंड इंग्रजीत गाऊन २०२४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पोचला, हे खरे. तो मोठा झालेलाच अमेरिकेत, टेक्सासमध्ये. इंग्रजी त्याची गल्लीची भाषा आहे. खानापूरच्या मुलाची ती नाही.

बेलफास्टचा दाखला

सीमाभागाला सर्वांत जवळचा वाटावा असा दाखला मात्र फार लांबचा आहे. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात ‘नीकॅप’ नावाचे तिघांचे टोळके आयरिश भाषेत रॅप करते. त्या प्रदेशात इंग्रजीचे राज्य. आयरिश बोलणारे थोडे आणि तिच्या पाटीवरून, शाळेवरून, कायद्यावरून रोजचे भांडण. २०१७ सालच्या त्यांच्या पहिल्या गाण्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘हक्क’ असा आहे. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी की, आयरिश भाषा कायद्यासाठी निघणाऱ्या मोर्चाच्या आदल्या दिवशी हा शब्द बसथांब्यावर रंगवताना एक मित्र पकडला गेला आणि पोलिसांपुढे त्याने इंग्रजी बोलायलाच नकार दिला. तिघांपैकी एक जण शाळेत आयरिश शिकवणारा मास्तर होता.

२०२२ च्या डिसेंबरात ब्रिटिश संसदेच्या कायद्याने उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला अधिकृत मान्यता मिळाली. ती मिळवली अनेक वर्षे झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी, रॅपवाल्यांनी नव्हे. पण ‘आयरिश म्हणजे आजोबांची आणि पाठ्यपुस्तकाची भाषा’ ही तरुणांची समजूत ‘नीकॅप’ने मोडली. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात तिघांनी स्वतःचीच कामे केली. त्यांची गाणी शिवराळ आहेत, अमली पदार्थांच्या गप्पांनी भरलेली आहेत आणि त्यांचे राजकारण वादग्रस्त आहे. ते सारे उचलावे असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ब्रिटिश सरकारने अडवलेले १४,२५० पौंडांचे अनुदान २०२४ मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर त्यांना मिळाले, तेव्हा ती रक्कम त्यांनी बेलफास्टच्या दोन युवक संस्थांना निम्मी निम्मी वाटली. एक संस्था कॅथलिक वस्तीतली, दुसरी प्रोटेस्टंट वस्तीतली. आपल्या भाषेचा अभिमान म्हणजे शेजाऱ्याचा द्वेष नव्हे, हे सांगायला त्यांना भाषण करावे लागले नाही.

आपल्या बोलीचे काय?

आता आपल्याकडे वळू. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकी या भागातला मुलगा लिहायला बसला की पहिली गोष्ट करतो ती ही की, आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवतो. घरात ‘काय करायलास?’ म्हणणारा कागदावर ‘काय करीत आहेस?’ लिहितो, नाहीतर सरळ हिंदीत उडी मारतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्या हेलाला हसतात, इकडे कन्नड शाळेत वेगळेच हसू होते. दोन्हीकडून हसे झालेली भाषा लपवायची सवय लागते. आणि जी भाषा लपवली जाते ती पुढच्या पिढीत उरत नाही. पाटी उतरवायला सरकारी हुकूम लागतो, पण लाजेला हुकूमही लागत नाही.

रॅपच्या कारागिरीत तर ही बोली म्हणजे आयते धन आहे. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे ‘आहे’ला ‘आहे’ आणि ‘जातो’ला ‘येतो’ जुळवून फुकटचे यमक मिळते. कच्चा रॅपर तिथेच अडकतो आणि चार ओळींत ऐकणारा कंटाळतो. पक्का रॅपर यमक ओळीच्या पोटात लपवतो आणि शेवटचा शब्द तोडून टाकतो. बोली हे काम आपसूक करते. ‘आहे’चे ‘हाय’ झाले की एक ठोका वाचतो, ‘करीत आहेस’चे ‘करायलास’ झाले की ओळ पळते. शिवाय तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा अशा शब्दांतून मराठी आणि कन्नड यांची सोयरीक पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. दोन्ही भाषांच्या जोडाक्षरांवर ज्याची जीभ घरीच तयार झाली, त्याला ठेका शिकवावा लागत नाही.

विषयांचीही वाण नाही. तमिळ रॅपर अरिवूने २०२१ साली ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे केले ते आपल्या आजीच्या आठवणींवर, श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या पिढीवर. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत होत्या, निपाणीच्या बायका विड्या वळत होत्या. एका राज्यात झोपून दुसऱ्या राज्यात जागी झालेली गावे आपली आहेत. एवढे सांगण्यासारखे असताना आपल्या पोरांनी दिल्लीच्या गाड्यांवर आणि न पाहिलेल्या पिस्तुलांवर गाणी का लिहावीत?

एक सूचना

कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे भरणारी मराठी साहित्य संमेलने ही या भागाची शान आहे. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन होते, कथाकथन होते. यापुढे संयोजकांनी एक तास गावातल्या रॅप करणाऱ्या पोरांना द्यावा. अट दोनच असाव्यात: भाषा घरची हवी आणि गोष्ट स्वतःची हवी. कन्नड बोलणारा शेजारचा मित्र बरोबर आला, तर त्यालाही त्याच्या भाषेत चार ओळी म्हणू द्याव्यात. गणेश मंडळांनी डॉल्बीवर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा एका मायक्रोफोनवर करावा.

पहिल्या वर्षी निम्मी गाणी टाकाऊ निघतील. काही ज्येष्ठ कानावर हात ठेवतील. लावणीच्या वाट्यालाही एके काळी हेच आले होते. पण दहा पोरांपैकी एकाने जरी आपल्या गावची मराठी न लाजता तालावर म्हटली, तरी बाकीचे नऊ ती घरी जाऊन पाठ करतील. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. मात्र अभिजात दर्जा भाषेच्या वयाला मिळतो. तिचे पुढचे आयुष्य तिच्या तरुणांच्या जिभेवर अवलंबून असते, आणि ती जीभ आज रॅपकडे वळली आहे.