पाच हजार शब्दांना जागा

मराठीत सविस्तर समीक्षा आज कोण लिहितं, हे पुण्या-मुंबईबाहेर जाऊन पाहा, असं संपादकांनी सुचवलं. म्हणून पालघर जिल्ह्यातलं जव्हार-मोखाडा गाठलं.

केवळ समीक्षेला वाहिलेलं ‘आलोचना’ हे नियतकालिक वसंत दावतरांनी 1962 साली सुरू केलं आणि नेटाने चालवलं. वाईचं ‘नवभारत’, धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी 1985 साली काढलेलं ‘कविता-रती’ हीही तशीच चिवट कामं. पण मोखाड्यातल्या वाचकाला वर्गणी भरून टपालाची वाट पाहावी लागे. ‘अक्षरनामा’, ‘हाकारा’ यांसारखी ऑनलाइन नियतकालिकं आली आणि लेख इथेही त्याच दिवशी मोबाइलवर पोचू लागला. पानांची मर्यादाही सैल झाली.

मोखाड्यात मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम भेटल्या. एका ऑनलाइन अंकासाठी त्या आपलाच जुना लेख नीट करत होत्या. विषय कविता महाजनांची ‘ब्र’, आदिवासी महिला सरपंचांवरची कादंबरी. ज्यांच्या वर्गात सरपंच बायकांच्या मुली बसतात, त्यांनी ती कशी वाचली, हे मला शहरातल्या दहा परीक्षणांपेक्षा मोलाचं वाटतं.

लेख श्री-लिपीत टाइप केलेला. युनिकोडमध्ये नेला की ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं, ‘विचार’चा ‘िवचार’. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: वेलांटी आधी, रफार शेवटी. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. तिथे वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा र आधी. कन्व्हर्टर बरंचसं सांभाळतो, पण जोडाक्षरावर रफार आला की अडखळतो. मग मॅडम एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतात. “हे राहिलं तर सर्चमध्ये लेख सापडणारच नाही हो,” त्या म्हणाल्या. शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर रात्री बसून केलेलं हे काम बिनपैशाचं आहे.

अडचणीची खरी जागा हीच. वेबसाइट स्वस्त पडते म्हणून ऑनलाइन नियतकालिक फुकटात चालतं, असा समज पसरला आहे. पाच हजार शब्दांचा लेख लिहायला महिने जातात. संपादक तो दोनदा-तीनदा परत पाठवतो, संदर्भ तपासतो. छपाईचं बिल अनुदानाच्या अर्जाला जोडता येतं, ही मेहनत कशी जोडणार? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नियतकालिकांना अनुदान देतं. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतल्या कलासंशोधनाला पैसे देतं. पण प्रकल्प संपला की पैसाही थांबतो, आणि नियतकालिकाला तर दरवर्षी जगायचं असतं. समीक्षा लिहिणाऱ्या प्राध्यापकांपुढे वेगळाच मोह होता: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य जर्नलांच्या ‘केअर’ यादीतल्या जर्नलमध्ये लेख छापून आला की बढतीचे गुण. 2019 पासूनची ती यादी यूजीसीने 2025 मध्ये बंद केली. गुणांसाठी लिहिलेल्या लेखांचा ढीग मात्र वाढून बसला आहे, आणि त्यात वाचावं असं फार थोडं.

साहित्य आणि संस्कृती मंडळाने निदान काही ऑनलाइन नियतकालिकांना सलग तीन वर्षांचं अनुदान द्यावं आणि त्यात लेखकाचं मानधन, संपादन व मुद्रितशोधन हे खर्च नावानिशी धरावेत. वाचकांनीही असा लेख आवडला तर नुसता फॉरवर्ड न करता त्या नियतकालिकाची वर्गणी भरावी.