द्राक्षबागेतल्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच: दोष कसा शोधावा

द्राक्षबागेत चालणाऱ्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा क्लच म्हणजे इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगांच्या दाबाने आवळून धरलेली एकच कोरडी प्लेट. नाशिक-सांगलीकडच्या बागांत राबणाऱ्या 18.5 अश्वशक्तीच्या मित्सुबिशी शक्तीसारख्या यंत्रांत हीच रचना आढळते. पेडल दाबले की दांडीच्या जोडणीने फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर टेकते आणि प्लेट मोकळी होते. चाके थांबतात आणि एकच प्लेट असल्यामुळे पीटीओ, म्हणजे अवजाराला गती देणारा शाफ्टही थांबतो.

क्लच लवकर जातो, त्याचे एक मोठे कारण इथेच आहे. पीटीओवर चालणाऱ्या ब्लोअरने फवारणी चालू असताना ओळीच्या टोकाला पेडल पूर्ण दाबले, तर पंप आणि पंखा दोन्ही मंदावतात. म्हणून चालक पेडल अर्धेच दाबून ट्रॅक्टर वळवतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी रोगाच्या भीतीने फवारण्या एकामागून एक होतात आणि प्रत्येक वळणावर प्लेट घासत, तापत राहते. एका ओळीतून दुसरीत जाताना पाय पेडलवरच ठेवण्याची सवय त्यात भर घालते. खालचा गिअर आणि इंजिनाची योग्य गती निवडली, तर अर्ध्या क्लचची गरज बरीच कमी होते. नवी प्लेट घालण्याआधी या सवयीकडे पाहिले नाही, तर तीही पहिलीच्याच वाटेने जाते.

तपासणी पेडलपासून सुरू करावी, कारण क्लचच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ क्लचच्या हाउसिंगच्या (कवचाच्या) बाहेरच सापडते. पेडल हाताने दाबले असता सुरुवातीला ते सैल जाते आणि मग जड लागते. या सैल अंतराला फ्री प्ले म्हणतात. छोट्या ट्रॅक्टरांत ते साधारण 20 ते 30 मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. प्लेटचे अस्तर झिजते तसतशी फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि फ्री प्ले कमी होत जातो. तो संपला की बेअरिंग फिंगरांवर कायम दाब देत राहते, प्लेटवरची पकड ढिली पडते आणि क्लच घसरतो. उलट फ्री प्ले फार वाढला, तर पेडल तळाला टेकूनही प्लेट पूर्ण सुटत नाही. जुन्या यंत्रात दांडीच्या पिना आणि त्यांची भोके झिजून लंबगोल होतात, पेडलचा शाफ्ट गंजून जड होतो, परतीची स्प्रिंग ताणली जाते. दांडीवरचा नट फिरवून फ्री प्ले जुळवणे आणि झिजलेल्या पिना बदलणे हे बागेतच होण्याजोगे काम आहे. ते न करता ट्रॅक्टर मधून खोलणे म्हणजे पैसे आणि हंगाम दोन्ही वाया घालवणे.

जुळवणी करूनही दोष राहिला, तर तो घसरण्याचा की न सुटण्याचा, हे ठरवावे. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, पण ओढ वाढत नाही. जास्त वेळ चालवले की जळका वास येतो. सपाट मोकळ्या जागी पार्किंग ब्रेक घट्ट लावून वरच्या गिअरमध्ये पेडल हळूहळू सोडावे. पकड चांगली असेल तर इंजिन दबून बंद पडते; ते चालूच राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच आणि थोडक्यात घ्यावी, कारण तेवढ्या वेळातही प्लेट तापते.

न सुटणारा क्लच गिअर टाकताना कळतो. पेडल पूर्ण दाबून काही क्षण थांबल्यावरही रिव्हर्स गिअर करकरत पडत असेल, तर प्लेट इंजिनाबरोबर फिरतेच आहे. वाकलेली प्लेट, शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) अडकणारा प्लेटचा हब किंवा असमान उंचीची फिंगर ही त्याची नेहमीची कारणे. पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते, तेव्हा गिअर अजिबात पडत नाही.

आवाजावरून बेअरिंग ओळखता येते. पेडलवर नुसता पाय टेकताच घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग गेले आहे. पेडल तळापर्यंत दाबल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगवर संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो.

धक्के देत पकडणाऱ्या क्लचच्या मुळाशी अनेकदा तेल असते. हाउसिंगच्या तळाशी एक छोटे भोक असते. तिथे थेंब दिसला तर तो बोटांवर घेऊन पाहावा. काळे, पातळ तेल क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून आलेले असते. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असलेले तेल गिअरबॉक्समधून येते. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन बसवू नये. अस्तरात मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा बाहेर येते. अशा वेळी सील आणि प्लेट दोन्ही बदलावीत.

खोलण्याची वेळ आलीच, तर बॅटरीची वायर काढून ट्रॅक्टर सपाट, पक्क्या फरशीवर घ्यावा. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनेवर झुलता असतो. म्हणून वेगळे करण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात. नाहीतर सुटलेला इंजिनाचा भाग कलंडतो. दोन्ही भागांना भक्कम स्टँडचा आधार द्यावा, केवळ जॅकवर विसंबू नये. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ही धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

आता प्लेट पाहावी. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाजवळ आली असतील, तर ती पुढे फ्लायव्हीलला चरे पाडतात. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक तडे किंवा चरे असतील, तर ते लेथवर घासून घ्यावे. तडे खोल असल्यास बदलावे. नवी प्लेट बसवताना हबची बाजू काढलेल्या प्लेटप्रमाणेच ठेवावी आणि मध्य जुळवण्यासाठी जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा वापरावा. स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ थरच पुरे; जास्त झालेले ग्रीस उडून अस्तरावर बसते. शेवटी सर्व फिंगरांची उंची मोजून सारखी करावी. नव्या अस्तराला पूर्ण जागा मिळेपर्यंत ओढीचे जड काम टाळावे आणि पहिल्या काही तासांनंतर फ्री प्ले पुन्हा मोजून जुळवावा.