घरचा सर्व्हर, घरचीच किल्ली

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आमच्या निकाहची सीडी, मुलांच्या अकीक्याचे फोटो आणि अब्बांचा जुना अल्बम होता. चिखल काढून झाल्यावर हाती आले ते एकमेकांना चिकटलेल्या कागदांचे ढेकूळ. अब्बांचा आवाज असलेला एकच व्हिडिओ वाचला, नातवंडांना ईदी वाटतानाचा. तोही माझ्या बहिणीच्या मोबाइलमध्ये, पुण्यात होता म्हणून.

त्यानंतर काही वर्षांनी घरात दुसरी काळजी उभी राहिली. अकरा वर्षांची धाकटी टॅबलेटवर माइनक्राफ्ट खेळते. ठोकळे रचून घरे, किल्ले बांधायचा हा खेळ. ती इंटरनेटवरच्या एका खुल्या सर्व्हरवर जायची. एका संध्याकाळी तिने स्वतःच येऊन सांगितले, "अम्मी, तिथला एक जण विचारतोय, तुझी शाळा कुठली?" खेळ बंद करणे सोपे होते. पण त्याच खेळात पुण्याची मावसभावंडे तिला रोज भेटत होती.

डिप्लोमा करणारा थोरला म्हणाला, "अम्मी, आपला सर्व्हर आपण घरीच ठेवू. त्यावर फक्त आपली मुले येतील. आणि घरातले सगळे व्हिडिओही त्याच यंत्रावर ठेवू."

मला वाटले, हा आता लाखभराचा संगणक मागणार. तसे झाले नाही.

आधी काम समजून घ्या

सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांना सेवा देणारा, सतत चालू राहणारा संगणक. खेळाचे चित्र तो काढत नाही. ते काम खेळणाऱ्याच्या टॅबलेटचे किंवा लॅपटॉपचे. सर्व्हर फक्त हिशेब ठेवतो: कोण कुठे उभा आहे, कोणता ठोकळा कुठे ठेवला. म्हणून महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. माइनक्राफ्टचा सर्व्हर हा हिशेब सेकंदाला २० वेळा करतो आणि त्यातला मोठा भाग प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. चार-सहा मुलांसाठी खेळाला ३ जीबी रॅम दिली की भागते.

व्हिडिओचे काम याहून हलके. टीव्हीला ती फाइल जशीच्या तशी कळत असेल, तर सर्व्हर ती नुसती पुढे पाठवतो. अडचण येते ती मोबाइलवर नव्या पद्धतीने चित्रित केलेला व्हिडिओ जुन्या टीव्हीला कळत नाही तेव्हा. मग चालू असतानाच त्याचे रूपांतर करावे लागते. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत यासाठी क्विक सिंक नावाचा वेगळा भाग असतो. सातव्या पिढीपासून तो आजचे बहुतेक व्हिडिओ सहज हाताळतो.

जुने ते कामाचे

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे कार्यालयांनी काढून टाकलेले चांगले संगणक बाजारात येतात. आपल्याला सर्व्हरवर विंडोज लागतच नाही. डेबियनसारखी लिनक्स प्रणाली फुकट मिळते आणि अशा यंत्रांवर उत्तम चालते.

मुलगा आणि त्याचे अब्बू मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले आणि पुस्तकाएवढा मिनी पीसी घेऊन आले. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी अशा नावांनी ही यंत्रे मिळतात. आमच्यात सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी आहे. आमचा हिशेब असा झाला:

मिनी पीसी: ९,००० रुपये
२ टीबी बाहेरची हार्ड डिस्क, नवी: ७,००० रुपये
राउटरपर्यंतची केबल: २०० रुपये
लहान यूपीएस, नंतर घेतलेला: २,८०० रुपये
एकूण: १९,००० रुपये

जुन्या मालाचे भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. यंत्र दुकानातच सुरू करून अर्धा तास चालू ठेवावे. पंख्याचा आवाज ऐकावा. त्याच कंपनीचा अ‍ॅडॉप्टर सोबत आहे ना, हे बघावे. आणि बायोस उघडून त्याला जुन्या कार्यालयाचा पासवर्ड नाही याची खात्री करावी. तो राहिला तर पुढे फार त्रास होतो. एसएसडी जुनी असेल, तर तिची तब्येत दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून पाहावे. पण घरच्या आठवणी ठेवायची डिस्क मात्र नवीच घ्यावी.

दार कोणासाठी उघडायचे

डेबियन बसवल्यावर मुलाने दोन सॉफ्टवेअर घातली. खेळासाठी माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर. टॅबलेटवरची आवृत्ती वेगळी असते, म्हणून गीझर आणि फ्लडगेट ही दोन जोडसॉफ्टवेअर लागली. आता धाकटी टॅबलेटवरून आणि पुण्याची मुले लॅपटॉपवरून एकाच जगात येतात. सर्व्हरचे सॉफ्टवेअर फुकट असले, तरी प्रत्येक मुलाकडे विकत घेतलेला खेळ हवा.

सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे व्हाइटलिस्ट. ज्यांची नावे यादीत, तेवढेच आत. आमच्या यादीत सात नावे आहेत आणि ती सातही मुले आमच्या दस्तरखानावर जेवून गेलेली आहेत.

व्हिडिओसाठी जेलीफिन हे २०१८ पासूनचे फुकट, खुले सॉफ्टवेअर आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर त्याचे अ‍ॅप चालते. प्रत्येकाचे खाते वेगळे करता येते आणि मुलांना काय दिसावे हे ठरवता येते. त्यात आम्ही आमचेच व्हिडिओ ठेवले: निकाह, शाळेचे गॅदरिंग, ईद. उतरवून घेतलेले चोरीचे सिनेमे नकोत, हे पहिल्याच दिवशी ठरले.

पुण्याची मुले आत येईनात, तेव्हा मात्र दोन दिवस डोकेफोड झाली. कारण असे की अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. बाहेरून आलेल्याला आपले घर सापडतच नाही. राउटरवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर हीच गोष्ट आहे असे समजावे. जास्त पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो. आम्ही टेलस्केल वापरले. ते ठरावीक यंत्रांमध्येच एक बंद, सुरक्षित वाट तयार करते आणि घरगुती वापरासाठी फुकट आहे. यात राउटरचे दार सगळ्या जगासाठी उघडावे लागत नाही, म्हणून स्वतंत्र पत्ता असला तरी मला हीच रीत बरी वाटते.

परदेशातल्या नातेवाइकांना जोडायचे असेल, तर तिथले अशा जोडणीबाबतचे नियम आधी पाहावेत. आमचे मामू आखातात असतात. त्यांच्यासाठी आम्ही पेनड्राइव्ह भरून ठेवतो.

वळवाच्या पावसाने शिकवले

मे महिन्यात वळवाच्या पावसात एका संध्याकाळी तीनदा वीज गेली. यंत्र पुन्हा सुरू झाले, पण खेळातल्या जगाच्या एका तुकड्याची फाइल बिघडली होती. मुलांनी तीन आठवडे रचलेला किल्ला गेला. मुलगा नकला काढून ठेवणार होता, ते राहून गेले होते. धाकटी रडली.

मला मात्र वेगळ्याच विचाराने धडकी भरली. खालाच्या मोबाइलमधून आणलेला अब्बांचा तो व्हिडिओही याच यंत्राला जोडलेल्या एका डिस्कवर होता. खालाने मोबाइल बदलून वर्ष झाले होते. म्हणजे पूर गेल्यानंतरही आम्ही पुन्हा सगळे एकाच कपाटात ठेवले होते.

त्या आठवड्यात यूपीएस आला. वीज गेली की यंत्राला नीट आवरून बंद होण्याइतका वेळ मिळतो. वीज परतल्यावर ते आपोआप सुरू व्हावे, ही सोय बायोसमध्ये असते. रोज पहाटे तीन वाजता खेळाच्या जगाची नक्कल निघते. आणि घरचे सगळे व्हिडिओ एका जुन्या १ टीबी डिस्कवर उतरवून ती खालाच्या घरी, पुण्याला पाठवली. दर ईदला ती डिस्क येते, नवे भरले जाते आणि परत जाते. जाणकारांचा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. चिपळूणकराला तो वेगळा समजवावा लागत नाही. यंत्रही आता माळ्यावरच्या खोलीत आहे.

विजेचे काय

हा प्रश्न मीच पहिल्यांदा विचारला होता. यंत्र आणि डिस्क मिळून सरासरी २० वॉट धरले, तर दिवसरात्र चालवून महिन्याला साधारण १५ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरले तर दीडशे रुपये. ८० वॉट खाणारा मोठा जुना संगणक घेतला असता, तर हेच जवळपास ५८ युनिट झाले असते. घ्यायला स्वस्त आणि चालवायला महाग असे यंत्र टाळायचे ते यासाठी.

खेळाची वेळ संध्याकाळचा एक तास. मगरिबच्या आधी सर्व्हर आपोआप बंद होतो, त्यामुळे "अजून पाच मिनिटे" हा वाद उरला नाही. खेळात काय बोलले गेले याची नोंद सर्व्हरवर राहते. ती मी अधूनमधून पाहते, आणि पाहते हे मुलांना माहीत आहे.

गेल्या ईदला मुलांनी नानीला टीव्हीसमोर बसवले आणि तो व्हिडिओ लावला. अब्बा नेहमीसारखे नोटा मोजत होते आणि कोणाला किती ते मोठ्याने सांगत होते. नानी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आवाज वाढव जरा." आम्ही तो तीनदा पाहिला.

तुमच्याकडे १९ हजार नसतील, मुलगा डिप्लोमा करणारा नसेल, तरी एक काम याच आठवड्यात होऊ शकते. मोबाइलमधले घरचे व्हिडिओ एका डिस्कवर उतरवा, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. सर्व्हर नंतर घेता येईल.