एनडीएचा कट-ऑफ आणि कोरोनाची बॅच

पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. त्यामुळे वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना वर्दी परकी नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, तयारी करणारी मुलं वर्धा, हिंगणघाट, आर्वी इथेही आहेत, आणि आता मुलीही आहेत. त्यांच्या घरी, क्लासमध्ये, कॉलेजात कोरोनाच्या वर्षांबद्दल काही गोष्टी इतक्या ठामपणे सांगितल्या जातात की त्या तपासून बघायचं कुणाला सुचत नाही. या समजुतींवर मुलं पुढची दोन-दोन वर्षं आखतात, म्हणून त्या तपासायला हव्यात.

गैरसमज: कोरोनात अभ्यास बुडाला आणि एनडीएचा कट-ऑफ कोसळला.

आकडे उलटं सांगतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६००. कोरोनाआधी, २०१९च्या दोन परीक्षांत लेखीचा कट-ऑफ ३४२ आणि ३४६ होता. १९ एप्रिल २०२०ची परीक्षा टाळेबंदीमुळे पुढे गेली आणि वर्षातल्या दोन्ही परीक्षा मिळून ६ सप्टेंबरला एकच झाली. तिचा कट-ऑफ ३५५ लागला. २०२१मध्ये ३४३ आणि ३५५, आणि १० एप्रिल २०२२च्या परीक्षेत तर ३६०.

२०२०चा आकडा का वाढला असावा, याचा अंदाज बांधता येतो. त्या वर्षी बारावी झालेल्या मुलांचा अभ्यासक्रम वर्गात बसून पूर्ण झाला होता. आपल्या राज्य मंडळाचे पेपरही टाळेबंदीच्या तोंडावर, मार्चमध्ये आटोपले. त्यानंतर एप्रिलऐवजी सप्टेंबरपर्यंत त्यांना जवळपास पाच महिने जास्तीचे मिळाले. ज्याच्या घरी पुस्तकं, फोन आणि शांत कोपरा होता, त्याला ते कामी आले. ज्याच्या घरी यातलं काही नव्हतं, त्याची एक संधी मात्र गेली, कारण दोन परीक्षांची एक झाली होती. कट-ऑफ पहिल्या मुलाची गोष्ट सांगतो, दुसऱ्याची सांगत नाही.

गैरसमज: मग नंतर कट-ऑफ घसरला, तो कोरोनाचाच उशिरा दिसलेला परिणाम.

हा समज पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण वरवर तो पटतो. सप्टेंबर २०२२मध्ये कट-ऑफ ३१६वर आला. २०२३मध्ये ३०१ आणि २९२, २०२४च्या पहिल्या परीक्षेत २९१. घसरण खरीच आहे. पण तिची सुरुवात बघा. एप्रिल २०२२मध्ये ३६०, आणि पाचच महिन्यांनी ३१६. पाच महिन्यांत एका पिढीचं गणित ४४ गुणांनी कच्चं होत नाही. दोन्ही वेळी जागा साधारण चारशेच होत्या, आणि परीक्षा देणारी मुलंही बरीचशी त्याच वयाची, तीच ऑनलाइन वर्षं काढलेली. इतक्या थोड्या काळात बदलतो तो मुख्यतः पेपर.

एनडीएच्या परीक्षेत एका वेळचा पेपर आणि पुढच्या वेळचा पेपर यांची काठिण्यपातळी जुळवून गुण एका मापावर आणले जात नाहीत. मुलाला पेपरात पडलेले गुण तसेच धरले जातात आणि मुलाखतीला जितके उमेदवार बोलवायचे, तिथे रेघ ओढली जाते. पेपर कठीण निघाला की रेघ खाली येते. अमेरिकेत वेस्ट पॉइंटसारख्या लष्करी अकादमींसाठी एसएटी किंवा एसीटी या परीक्षांचे गुण लागतात. एसीटीचे गुण वेगवेगळ्या वर्षी एकाच मापात बसतील असे जुळवलेले असतात. म्हणून २०२२च्या बॅचची सरासरी ३६पैकी १९.८वर आली, तेव्हा ती तीस वर्षांतली सर्वांत कमी आहे असं ठामपणे म्हणता आलं. कट-ऑफच्या जोरावर आपल्याला तसं म्हणता येत नाही. ३६०वर अभिमान नको आणि २९१वर शोकही नको.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. ‘आता तीनशेत काम होतं’ असं म्हणून तयारी सैल सोडणारा मुलगा सोप्या पेपरच्या वर्षी बाहेर राहतो. शिवाय प्रत्येक विषयात परीक्षा घेणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाने ठरवलेले किमान गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. एकूण बेरीज जमली तरी गणितात कमी पडलं, तर निवड होत नाही.

गैरसमज: बोर्डात चांगले टक्के आहेत, म्हणजे पाया पक्का आहे.

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलं, असं मला वाटतं. राज्याचा बारावीचा निकाल २०१९मध्ये ८५.८८ टक्के होता, २०२१मध्ये ९९.६३ टक्के. त्या वर्षी परीक्षा झालीच नाही. दहावी, अकरावी आणि बारावीचे गुण ३०:३०:४० या प्रमाणात धरून निकाल लावला गेला. दहावीचीही परीक्षा त्या वर्षी झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी ठरवलेली सीईटीही ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे २०२१च्या दहावीच्या मुलांनी दहावीची परीक्षा दिली नाही, अकरावीला जाताना दिली नाही, आणि थेट २०२३च्या बारावीला राज्यपातळीवरचा पहिला मोठा पेपर हाती घेतला. यात मुलांचा काही दोष नव्हता. पण आपण नेमके कुठे कच्चे आहोत, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

त्यात राज्य मंडळाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला, २०२०-२१ला आणि पुढच्या वर्षीही. एनडीएचा अभ्यासक्रम मात्र कमी झाला नाही. कॉलेजात ‘हा भाग यंदा नाही’ म्हणून सोडलेलं गणित एनडीएच्या पेपरात येऊ शकत होतं. एनडीएच्या गुणवत्ता यादीत बारावीचे टक्के धरतच नाहीत. लेखीचे ९०० आणि मुलाखतीचे, म्हणजे एसएसबीचे, ९००, एवढीच बेरीज.

गैरसमज: वर्धा ग्रीन झोनमध्ये होता, आपल्याकडे फारसं बिघडलं नाही.

एप्रिल २०२०च्या अखेरीस केंद्राने काढलेल्या यादीत राज्यातले मोजकेच जिल्हे हिरवे होते आणि वर्धा त्यांत होता, हे खरं. पण शाळा-कॉलेजं झोन बघून बंद झाली नव्हती, ती राज्यभर बंद होती. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्टला सुरू झाली. सप्टेंबरची परीक्षा नागपूर केंद्रावर देणाऱ्यांना जेमतेम दोन आठवडे आधी बस मिळाली. फेब्रुवारी २०२१मध्ये शेजारच्या अमरावतीकडून दुसरी लाट आली आणि निर्बंध परतले. रुग्ण कमी असणं आणि वर्ग चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज: कोरोनामुळे वयात सूट मिळाली होती.

ती अग्निवीर भरतीत. दोन वर्षं भरती झाली नव्हती म्हणून २०२२पुरती वरची मर्यादा २१वरून २३ केली. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस हीच चौकट राहिली. त्याच सुमारास मुलींना एनडीएत मिळालेल्या प्रवेशाचाही कोरोनाशी संबंध नाही. तो ऑगस्ट २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने मिळाला.

गैरसमज: ती बॅच निघून गेली, विषय संपला.

‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२२मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०.५ टक्के निघाली. २०१८मध्ये ती २७.३ टक्के होती. ही मुलं बारावीला पोहोचतील २०३१-३२मध्ये. एनडीएचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही, आणि २०० गुण एकट्या इंग्रजीचे. देवळी-समुद्रपूरच्या मराठी शाळेतल्या मुलाला वाचनाची ती तूट आठवी-नववीतच भरून काढावी लागेल. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून आहे, मुलींसाठी नाशिकला २०२३पासून. तिथल्या प्रवेशासाठीही पाया दहावीपर्यंतच पक्का हवा, कारण प्रवेश परीक्षेत तेवढंच गणित विचारतात.