घोड नदीच्या खोऱ्यातील आद्य शेतकरी

महाराष्ट्रातील घोड नदीच्या खोऱ्यात इ.स.पू. १६०० च्या सुमारास ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी वस्ती केली. त्यांच्या जीवनाची सर्वांत विस्तृत माहिती पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथील उत्खननातून मिळाली आहे. नदीच्या उजव्या तीरावरील ही वस्ती इ.स.पू. ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे नांदती होती. कमी आणि बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात शेती, पशुपालन, शिकार आणि मासेमारी यांची सांगड घालून या लोकांनी उपजीविका कशी केली, याचा क्रमवार पुरावा येथे उपलब्ध आहे.

भूप्रदेश

घोड ही भीमेची उपनदी असून ती सह्याद्रीत उगम पावते. उगमाजवळ पाऊस विपुल पडतो. मात्र पूर्वेकडे शिरूरच्या परिसरात पोहोचेपर्यंत नदी पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते आणि हा भाग आजही अवर्षणप्रवण मानला जातो. नदीकाठची काळी जमीन ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे पावसाळा सरल्यावरही तिच्यात पिके घेता येतात. बारमाही पाण्याचे डोह, सुपीक काळी माती आणि भोवतालची गवताळ माळराने ही या ठिकाणाची जमेची बाजू होती.

उत्खनन व कालखंड

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे या कार्याचे प्रमुख होते. केवळ उभा छेद घेऊन थरांचा क्रम न पाहता येथे आडवे उत्खनन करून वस्तीचा मोठा भाग उघडा करण्यात आला. त्यातून १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

वस्तीचे तीन कालखंड मानले जातात :

पहिला, माळवा संस्कृतीचा काळ : इ.स.पू. १६०० ते १४००.
दुसरा, पूर्व जोर्वे काळ : इ.स.पू. १४०० ते १०००.
तिसरा, उत्तर जोर्वे काळ : इ.स.पू. १००० ते ७००.

पहिल्या कालखंडातील लोकांची खापरे मध्य भारतातील माळवा संस्कृतीच्या खापरांशी जुळतात. यावरून शेतीचे ज्ञान असलेले लोक उत्तरेकडून तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांमार्गे दक्षिणेकडे सरकत आले असावेत, असे मानले जाते. पुढील दोन कालखंडांना प्रवरा नदीकाठच्या जोर्वे या गावाचे नाव मिळाले आहे. तेथे १९५०-५१ मध्ये ही संस्कृती प्रथम उजेडात आली.

शेती

प्राचीन वस्तीत जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मातीत टिकून राहतात. अशा दाण्यांवरून तेथील पिके ओळखता येतात. इनामगावचे मुख्य धान्य जव हे होते. गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, तीळ आणि काही प्रमाणात तांदूळ यांचेही अवशेष मिळाले आहेत. बोर, जांभूळ आणि आवळा ही फळे लोक रानातून आणीत.

जव आणि गहू ही दोन्ही हिवाळी पिके असली तरी जवाला पाणी कमी लागते. तो हलक्या जमिनीत आणि ओल कमी असतानाही तग धरतो. गहू मात्र पाण्याची अधिक अपेक्षा ठेवतो. गव्हाचा प्रसार पूर्व जोर्वे काळात, म्हणजे वस्तीच्या भरभराटीच्या काळात झाला आणि उत्तर जोर्वे काळात त्याचे प्रमाण घटले. जवाची साथ मात्र अखेरपर्यंत टिकली. कडधान्यांमुळे आहारात प्रथिनांची भर पडत असे आणि जमिनीचा कसही राखला जात असे.

पाण्याचे नियोजन

पूर्व जोर्वे काळातील एक पाट आणि त्यालगतचा बांध हा इनामगावचा विशेष महत्त्वाचा शोध होय. पाट सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३.५ मीटर खोल होता. बांध दगडगोटे मातीत बसवून रचलेला होता. नदीचे पुराचे पाणी पाटात वळवून ते शेतीसाठी वापरले जात असावे आणि बांधामुळे पुरापासून वस्तीचे संरक्षण होत असावे, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. एवढे खोदकाम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी अनेकांचे श्रम एकत्र आणणारी व्यवस्था गावात असली पाहिजे.

धान्याचा साठा

ज्या प्रदेशात पाऊस वर्षाआड हुलकावणी देतो, तेथे धान्य पिकवण्याइतकेच ते साठवणेही आवश्यक असते. घरांमध्ये आतून चुना लिंपलेली पेवे आढळली आहेत. मातीचे गोल ओटे कणग्या ठेवण्यासाठी वापरले जात. जमिनीवर मांडलेले चार सपाट दगड हे चार पायांच्या मोठ्या रांजणांचे आधार होते. पायांवर उभ्या असलेल्या रांजणातील धान्याला जमिनीची ओल लागत नसे.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्यालगत धान्याचे कोठार होते. हे घर गावप्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाचे धान्य जमा होत असावे, असे मत ढवळीकरांनी मांडले. अडचणीच्या वर्षी या साठ्याचे वाटप होत असल्यास, साठ्यावर ज्याचा ताबा त्याच्याकडे गावाची सत्ता, असा त्याचा अर्थ होतो.

पशुपालन, शिकार व मासेमारी

गायबैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि कुत्रा हे पाळीव प्राणी होते. सांबर, चितळ, काळवीट आणि ससा यांची शिकार केली जाई. नदीतून मासे, कासवे आणि खेकडे मिळत. मासे पकडण्याचे तांब्याचे गळही सापडले आहेत. शेती हा मुख्य व्यवसाय असला तरी त्याच्या जोडीला हे सर्व मार्ग खुले ठेवलेले होते. पीक बुडाल्यास कळप, नदी आणि रान यांचा आधार मिळत असे.

कारागीर

तांबे दुर्मीळ असल्याने त्याचा वापर छिन्नी, गळ, मणी आणि बांगड्या यांपुरता मर्यादित होता. कापण्याचे आणि सोलण्याचे रोजचे काम कॅल्सेडनीसारख्या दगडाच्या लहान, धारदार पात्यांनी होत असे. कुंभार चाकावर घडवलेली, तांबूस लेपाची आणि काळ्या भौमितिक नक्षीची भांडी भट्टीत भाजत. चुना तयार करणारे, सोनार आणि हस्तिदंताचे काम करणारे कारागीरही येथे होते. कारागिरांची घरे प्रामुख्याने वस्तीच्या पश्चिम बाजूस, तर सधन शेतकऱ्यांची मध्यभागी होती.

घरे व दफनविधी

पूर्व जोर्वे काळातील घरे आयताकृती असून ओळींत बांधलेली होती. भिंती कुडाच्या, वरून मातीने लिंपलेल्या आणि छप्पर गवताचे असे. उत्तर जोर्वे काळात त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली.

मृतांना बहुधा घरातच पुरले जाई. लहान मुलांचे दफन दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत केले जात असे. प्रौढांना उताणे, उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात ठेवत आणि अनेकदा त्यांची पावले घोट्याच्या वरून तोडलेली असत. मृत व्यक्ती घर सोडून जाऊ नये, अशी यामागील कल्पना असावी. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या एका प्रौढ पुरुषाचे दफन मिळाले. त्याची पावले मात्र शाबूत होती. त्याला वेगळा मान होता, हे यावरून दिसते.

ऱ्हास व मतभेद

इ.स.पू. १००० नंतर घरे लहान झाली, भांडी ओबडधोबड झाली, गहू घटला आणि शेळ्यामेंढ्यांचे व शिकारीचे महत्त्व वाढले. पाऊसमान घटल्यामुळे शेती कोलमडली आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, असे स्पष्टीकरण ढवळीकरांनी दिले. ते दीर्घकाळ ग्राह्य मानले गेले.

ग्वेन रॉबिन्स शुग यांनी येथील मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये आपले विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटल्याची चिन्हे त्यांना आढळली. उपजीविकेतील बदलामुळे वस्ती आणखी काही शतके टिकली, तरी त्याची झळ मुलांना बसली होती, असे यावरून दिसते. मात्र या काळात हवामान एकाएकी कोरडे झाले या गृहीतकाविषयी त्यांनी शंका उपस्थित केली. त्यामुळे ऱ्हासाचे कारण केवळ अवर्षण होते, की शेतीपद्धतीतील आणि समाजव्यवस्थेतील बदलही त्यास जबाबदार होते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. नेवासे, दायमाबाद, चांदोली आणि जोर्वे या स्थळांबरोबर इनामगावचा अभ्यास महाराष्ट्रातील आरंभीच्या शेतीचा इतिहास समजून घेण्यासाठी आधारभूत मानला जातो.