केस पिळायचे नाहीत

डिसेंबरात जेरुसलेमचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि शुक्रवारी इथल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या त्याच्या ४० मिनिटं आधी लागतात. मिक्वेत, म्हणजे शुद्धीच्या हौदात, बुडी घ्यायची रात्र शुक्रवारी आली, तर सगळी तयारी चारच्या आत उरकावी लागते. एरवी बाई संध्याकाळी न्हायला बसते, अंधार पडला की तशीच पाण्यात उतरते. शब्बाथला गरम पाण्यानं अंघोळ नाही, कंगवा नाही, नखं कापणं नाही. पाळीनंतरचे सात शुद्ध दिवस मोजून आलेली रात्र मात्र सहसा टाळत नाहीत.

मिक्वे सांभाळणाऱ्या बाईला इथे बालनीत म्हणतात. तिनं मला दुपारी आत येऊ दिलं, रात्री नाही. रास्तच होतं. हौदाच्या शेजारी झाकलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं असतं. किमान ४० सआ (हे जुनं माप) पाणी हवं. लिटरमध्ये ते ३३० भरतं की ५७०, यावर पंडितांचं एकमत नाही. बांधणारे सरळ त्याहून जास्तच धरतात. बालनीतला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नसावा. तिचं लक्ष टॉवेलांकडे. शब्बाथला सामान उचलून रस्त्यानं नेण्यावर बंधनं आहेत, म्हणून ज्या त्या खोलीत टॉवेल आधीच रचलेले. दिवे लावून ठेवलेले. टॉयलेट पेपर काढून तिथे सुट्या कागदांचा डबा, कारण फाडणं हेही शब्बाथला वर्ज्य काम. स्पंज तर सगळेच उचलून कपाटात टाकले.

घरची तयारी याहून किचकट. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही राहता कामा नये: नेलपॉलिश, काजळ, अंगठी, कॉन्टॅक्ट लेन्स, जखमेची पट्टी, केसातली गुंतागुंत. बेंबी, कानामागची घडी, पायाच्या बोटांमधली जागा, सगळं पाहायचं. टाके किंवा दाताचं तात्पुरतं सिमेंट असेल, तर दुपारीच फोन करून विचारायचं. शब्बाथला फोन नाही. नखं कापायची राहिलीच, तर खालचा मळ काढायचा आणि पुढचं रब्बी सांगेल तसं.

खरी अडचण मधल्या दोन-तीन तासांची. न्हाऊन मेणबत्त्या लावल्या, की घरात पोरं असतात, जेवण असतं. भरवताना हाताला भात चिकटतो, दातात काही अडकतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंगावरून पुन्हा नजर फिरवायची, चूळ भरायची, केसांतून बोटं घालून पाहायची. माझ्या मते अख्ख्या विधीतलं हेच सर्वांत कसबाचं काम.

पाणी आधीच तापवून कोमट ठेवलेलं असतं. चांदण्या दिसल्यावर बाई उतरते. एकही केस वर तरंगता कामा नये. सगळे केस बुडाले की बालनीत म्हणते, ‘कोशेर’, म्हणजे विधीला धरून. बाहेर आल्यावर केस पिळायचे नाहीत, टॉवेल नुसता टेकवायचा. शब्बाथला पिळून तेल किंवा रस काढायला मनाई असते. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. जैतून-द्राक्षं पिळण्याच्या त्या मनाईच्या पोटातच, जास्तीची खबरदारी म्हणून, केस पिळणंही येतं. ओल्या केसांवर रुमाल बांधून बाई चालत घरी जाते. पैसे आधी दिलेले नसतील, तर रविवारी.