पद्मिनीचे नाक आणि बालाघाटचे रस्ते

जुनी प्रीमियर पद्मिनी दारात आली की हौशी मालकाला दोन कामे सुचतात. एक रंगाचे आणि दुसरे गाडी पुढून खाली घेण्याचे. चाकाच्या वरची मोकळी जागा बुजली, बॉनेट थोडे झुकले, की ही चौकोनी गाडी एकदम ऐटदार दिसते, हे मान्यच करायला हवे. उपायही सोपा सांगितला जातो. पुढची कॉइल स्प्रिंग काढायची, ग्राइंडरने तिचा एक वेढा कापायचा आणि ती परत बसवायची. खर्च जवळजवळ शून्य. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या धाराशिव जिल्ह्यात रोज चालणाऱ्या गाडीसाठी मात्र हा उपाय चुकीचा आहे, आणि त्याचे कारण केवळ खड्डे नाहीत. गाडीच्या रचनेतच ते आहे. घरी करण्याजोगे खरे काम म्हणजे वयाने बसलेले नाक मूळ उंचीवर आणणे.

या गाडीचे आणि या भागाचे नाते जवळचे आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांची ही कंपनी १९४४ची. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात घडू लागली. १९६४ साली ती ‘डिलाइट’ झाली, १९७४ साली ‘पद्मिनी’, आणि २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. नावे बदलली, पण पुढच्या चाकांची मांडणी मुळात तीच राहिली. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म, त्यांच्या जोडीला कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप. मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. सुमारे ९०० किलो वजनाची, २३४० मिलिमीटर व्हीलबेसची, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी आहे. तिच्या उंचीचा विचार या सगळ्यासह करावा लागतो.

वेढा कापल्यावर स्प्रिंग फक्त आखूड होत नाही, कडकही होते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांतला एक गेला तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. म्हणजे गाडी खाली आली, चाकाला वर जाण्याची जागा घटली, आणि त्या घटलेल्या जागेत धक्का पचवण्याचे काम उरले ते १४ टक्के जादा बळावर. मोठ्या खड्ड्यात आर्म रबरी ठोकळ्यावर आदळतो. मग धक्का सरळ बॉडीत जातो आणि आर्म जिथे बसवलेले असतात त्या जागांवर ताण येतो. पन्नास वर्षांच्या पत्र्याला आधीच गंज लागलेला असतो, तिथे तर ही चिंता दुप्पट. कापताना गॅसची ज्योत वापरली, तर पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती जागा पुढे बसते किंवा तुटते. शिवाय स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसावे म्हणून घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. जॅकवर चाक लोंबकळले की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटण्याचीही भीती असते.

यावर पहिला आक्षेप नेहमी एकच येतो. रेसच्या गाड्या खाली असतात, आणि चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटच पळत होत्या. मग खाली आलेली गाडी वळणावर जास्त स्थिर नाही का? गुरुत्वमध्य खाली येतो हे बरोबर आहे, पण तेवढ्यावर हिशेब संपत नाही. दोन आर्मच्या मांडणीत बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याची उंची आर्मच्या कोनावर ठरते. बॉडी खाली आली की आर्मची बाहेरची टोके वर उचलली जातात, आणि तो बिंदू सहसा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांतले अंतर वाढते, म्हणजे गाडीला कलंडवणाऱ्या बळाची तरफ लांबते. नुसती खाली घेतलेली गाडी म्हणूनच वळणावर उलट जास्त झुकू शकते, आणि तिला सरळ ठेवायला आणखी कडक स्प्रिंगा लागतात. रेसवाले आर्मचे बिंदू, टायर, शॉकअप सगळेच बदलतात. शिवाय त्यांचा रस्ता गुळगुळीत असतो. हौस म्हणून गाड्या जमिनीला टेकवण्याची परंपरा लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत १९४०च्या दशकात रुजली, तीही रुंद, सपाट रस्त्यांवर संथ फिरण्यासाठी. बॉडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली येऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाला १९५८च्या सुमारास करावा लागला होता.

कोनांचाही प्रश्न आहे. पुढून ३ सेंटिमीटर खाली आणले, मागचे पाटे तसेच ठेवले, तर २३४० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर गाडी पाऊण अंशाच्या आसपास पुढे कलते. तेवढाच कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागचा कल, कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंगला आपसूक सरळ आणणारी ओढ घटते. आर्मचा कोन बदलल्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो-इन (चाकांची पुढून आत वळलेली दिशा) हलतात, टायर कडेने झिजतो. टाय रॉड आणि आर्म वेगवेगळ्या कमानींत फिरू लागतात, म्हणून खडबडीत रस्त्यावर चालकाने चाक धरलेले असूनही गाडी डावी-उजवी ओढते. हेडलाइटचा झोत जवळ पडतो. तुळजापूरच्या घाटात रात्री उतरताना याचा अर्थ काय, ते तिथल्या चालकांना कळते.

आता रस्ता. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोल असावा. पद्मिनी अशा गतिरोधकावर बरोबर मधोमध असताना दोन चाकांच्या मध्ये तिच्या पोटाखालची ४ सेंटिमीटर जागा तो खातो. हा नियमाने केलेला गतिरोधक झाला. गावच्या शाळेपुढे मुरूम आणि डांबर टाकून केलेला अरुंद उंचवटा दोन चाकांच्या मध्ये पूर्णच येतो. मग त्याची सगळी उंची गाडीच्या पोटातून वजा होते, आणि चेंबर फुटला तर इंजिनचे तेल रस्त्यावर. या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरच्या आतल्या रस्त्यांना लाटा येतात. ढोकीसारख्या साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला चाकोऱ्या पाडतात. राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा ६५ चांगला आहे, हे उत्तर पुरेसे नाही. महामार्गावरून घरापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर गाडीला रोज चालायचेच आहेत.

दुसरा आक्षेप असा की गाडी फक्त प्रदर्शनासाठी आहे, रोजची नाही. हा आक्षेप न्याय्य आहे. तरीही कापू नये. आखूड आणि जाड तारेची स्प्रिंग वेगळी बनवून घ्यावी. घट दोन सेंटिमीटरच्या आत ठेवावी, आणि मूळ जोडी तेल लावून जपून ठेवावी. तारेची जाडी ५ टक्क्यांनी वाढली तर कडकपणा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो, हे ध्यानात धरून मापे ठरवावीत. अ‍ॅम्बेसडरवाल्यांचे काम यात सोपे आहे. तिच्या पुढच्या बाजूला कॉइलऐवजी पिळला जाणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बार असतो. तो नव्या जागी बसवला की उंची बदलते, काहीही कापावे लागत नाही, दांड्याचा कडकपणा तसाच राहतो, आणि उद्या विचार बदलला तर परत जाता येते. कोनांचे प्रश्न मात्र तिलाही चुकत नाहीत.

कायद्याकडे काणाडोळा करणे हा तिसरा युक्तिवाद, आणि तो सर्वांत कमजोर. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही वाढवला. दुसरीकडे २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. ‘पद्मिनी’ नावाच्या पहिल्या गाड्या नुकत्याच या वयाला पोचल्या आहेत. मूळपण हेच ज्या नोंदीचे मोल आहे, त्या टप्प्यावर स्प्रिंग कापणे मला समजत नाही.

मग घरी काय करावे? सपाट फरशीवर गाडी उभी करून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची मोजून लिहावी. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे ढकलावी, नाहीतर टायर आखडून आकडे चुकतात. डावी-उजवीकडे मोठा फरक असेल तर स्प्रिंग बसलेली आहे. ती बदलताना गाडी विटांवर नव्हे, घोडीवर ठेवावी आणि स्प्रिंगचा दाब स्प्रिंग कॉम्प्रेसरने हळूहळू सोडवावा. ४०० किलोच्या बळाने १५ सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये ३० किलोचे वजन मीटरभर उंचीवरून पडण्याइतकी ऊर्जा साठलेली असते. हे हत्यार हाताशी नसेल तर काम गॅरेजला द्यावे, त्यात कमीपणा काही नाही. रबरी बुशांचे बोल्ट चाकावर गाडीचे वजन आल्यावरच पूर्ण आवळावेत. लोंबकळत्या आर्मवर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शंभरेक किलोमीटर चालवून स्प्रिंग बैठकीत जमली की उंची पुन्हा मोजावी, मग अलाइनमेंट करावी, आणि हेडलाइट शेवटी लावावेत.